एकटीचा आठवीचा वर्ग

...नाही, पण हसताय काय तुम्ही? माझी लेक वर्गात पहिली आली म्हटलं की सगळे असेच हसतात! जाऊबाई तर तोंडावर विचारतात, "आणि शेवटची कोण गं?" तीच! आठवीत ती एकटीच आहे, त्याला मी काय करू? बाकीची पोरं सकाळी गाडीत दाटीवाटीने बसून शहरातल्या शाळेत जातात. पण एकटीचा का असेना, वर्ग तो वर्गच ना?

तुम्हाला सांगते, आमच्या वेळी इथे सातवीच्या पुढे नुसती भिंत होती. भिंतीपलीकडे आठवीची खोली बांधली, तोवर ही माझ्या कडेवर!

म्हणून जपते हो. तिला शिंक आली की मी लगेच काढा उकळायला ठेवते... ती घरी राहिली म्हणजे अख्खा वर्ग गैरहजर! आणि नेमके शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला यायचे त्याच दिवशी पोरगी तापाने फणफणली. गुरुजी दारात, घाम पुसत, "ताई, साहेबांनी बाक रिकामा पाहिला तर आठवी आजच बंद करतील!" मग काय? पोरीला सासूबाईंच्या हवाली केलं, पदर खोचला आणि जाऊन बसले बाकावर! एकटीचा का असेना, वर्ग तो वर्गच ना?

साहेब आले. चष्म्यावरून बघतात, "ही... विद्यार्थिनी?" गुरुजी खाली वाकून खडूच शोधायला लागले. मीच म्हटलं, "आई आहे, साहेब. पोरगी खरंच आजारी आहे, घरी चला, कपाळाला हात लावून बघा!" साहेब हसू दाबत म्हणाले, "चालू द्या गुरुजी, शिकवा." आणि गुरुजींनी शिकवलं की हो! फळ्यावर कंस काय, अक्षरांची बेरीज काय... अक्षरांची! मला ओ की ठो कळलं नाही, पण मान अशी डोलवत होते म्हणून सांगू... घंटा झाली तरी उठवेना.

जाताना साहेब म्हणाले, "यंदा वर्ग राहू दे. पुढच्या वर्षी मात्र मुलं हवीत." म्हणजे आता दारोदार फिरून पोरं मागणं आलं. मागेन!

दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. दप्तर उचललं, "आई, आता तू नको हं येऊस!" म्हणाली आणि पळाली. बरोबरच आहे! पोरगी ठणठणीत असावी, आईला आणखी काय हवं? रोज सकाळी तिच्या कपाळाला हात लावून बघते... गार लागतं. चांगलंच आहे हो. चांगलंच आहे... पण एखाद्या दिवशी, अगदी किंचित, कोमट लागलं ना... तरी चालेल मला!