पुसलेल्या प्लेटा

छोटी : दादा, ते फडकं खाली ठेव.

दादा : शेवटची प्लेट राहिलीय गं. एवढी पुसतो, हवा मारतो आणि क्लचच्या ड्रममध्ये टाकतो.

छोटी : पुसतोयस कशाला? सकाळपासून त्या प्लेटा मी परातीत ऑइलमध्ये भिजत घातल्या होत्या!

दादा : होत्या ना. नुसत्या निथळत होत्या. पेट्रोलनं पुसून कशा लख्ख केल्या बघ.

मावशी : अगं, भावावर ओरडतेस काय? मागच्या खेपेलाही असाच एकेक प्लेट पुसत बसला होता. मी याच स्टुलावर होते. म्हटलं, माझ्या बहिणीच्या पोराला वळण चांगलंय हो.

छोटी : मागच्या खेपेलाही?

मावशी : आणि त्याच्या आधीच्याही. तू तेव्हा आत व्हॉल्व्ह धूत होतीस.

छोटी : दादा? दोन्ही वेळा पुसल्यास?

दादा : पुसणारच. क्लचच्या प्लेटला तेल लागलं की क्लच मेला. बाबांनी हे आपल्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. खांद्यावर फडकं नसलं तर गाडीला हात लावू द्यायचे नाहीत.

छोटी : अरे देवा! अरे, बाबांचा क्लच साध्या गिअरबॉक्सचा. तो कोरडाच चालतो. हा ऑटोमॅटिकचा. हा जन्मभर तेलात बुडलेला असतो!

दादा : मग आत गेल्यावर लागेलच की तेल. माप घेताना तरी वस्तू स्वच्छ नको? आणि माप चुकलेलं नव्हतं हां. दोन्ही वेळा तूच फीलर गेजची पाती घालून फट बघितलीस.

छोटी : बघितली! पण ड्रम भरून, वरची सर्कलिपची कडी लावून तू माझ्या हातात दिलास. आतल्या प्लेटा कोरड्या ठणठणीत आहेत हे मला स्वप्न पडणार होतं?

मावशी : मला कुणी सांगेल का काय चाललंय ते? व्हॅन माझी आहे. दोनदा तुम्ही दुरुस्त केलीत, दोनदा परत क्लच जळला. शाळेच्या चढावर तिसरा गिअर पडला की गाडी नुसती बोंबलते, पुढं काही सरकत नाही. मागून पोरं विचारतात, मावशी, उतरून ढकलू का?

छोटी : सांगते. ही चवड बघ. एक अस्तराची प्लेट, एक लोखंडी, परत अस्तराची. सगळ्यात वर थोडी फट सोडायची. फट जास्त झाली तर क्लच घसरतो. कमी झाली तर प्लेटा एकमेकींना सोडतच नाहीत, घासत राहतात आणि जळतात. आणि हे अस्तर तेल पिऊन फुगतं.

मावशी : पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं, तसं?

छोटी : अगदी तसंच!

दादा : काहीतरीच. कागदाएवढं अस्तर, ते फुगून फुगून किती फुगणार? केसभर.

छोटी : एका प्लेटचं केसभर. इथं अख्खी चवड आहे, दादा.

दादा : हे बघ छोटे, दोनदा नाक कापलं गेलंय. दारावरचा ऑटोमॅटिकचा बोर्ड मी उगाच नाही उतरवला. ही गाडी तिसऱ्यांदा परत आली तर ऑटोमॅटिकचं काम कायमचं बंद, हे ठरलंय आपलं.

छोटी : आणि मी पार्टच्या दुकानात काउंटरवर उभी राहून पंख्याचे बेल्ट विकायचे, हेही ठरलंय. शेठनी सोमवारी बोलावलंय मला.

दादा : तूच हो म्हणालीस.

छोटी : म्हणाले, कारण मला वाटलं मीच चुकतेय! माझा हातच वाईट आहे, हे काम माझं नाहीच, असं वाटायला लागलं होतं मला. रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. आणि तू इकडं प्लेटा पुसतोयस!

मावशी : रडू नको गं. हातच्या काकणाला आरसा कशाला? इथंच मोजा की दोघं.

छोटी : मोज, दादा. आधी अशीच, कोरडी.

दादा : घे. ही बघ पाती गेली. हलकीशी अडकून, जशी जायला हवी तशी. काय म्हणणंय?

छोटी : आता सगळ्या काढ आणि परातीत टाक. आणि फडकं माझ्याकडे दे.

दादा : फडकं कशाला?

छोटी : दे म्हणते ना!

मावशी : दे रे थोरल्या. जित्याची खोड आहे तुझी, हात शिवशिवतील. तोवर चहा घे.

दादा : नको मला चहा. भिजल्या असतील आता.

छोटी : नाही भिजल्या. बस.

मावशी : चहावर साय धरली याच्या. परातीकडे असा बघतोय, जसं काही आत दूध उतू जाणार आहे.

छोटी : हं. आता भर. वर दाबू नकोस. सर्कलिप लाव. तीच पाती घाल.

दादा : घालतोय. अरेच्चा!

छोटी : काय झालं?

दादा : जात नाही.

छोटी : जोर लावू नकोस.

दादा : लावत नाहीये गं. जातच नाही. तिच्याखालची बारीक दे. अगं, हीसुद्धा नाही!

मावशी : काखेत कळसा आणि गावाला वळसा!

दादा : पंप बदलला. व्हॉल्व्ह बदलले. तेलवाल्याशी भांडलो. आणि चोर माझ्याच खांद्यावर.

छोटी : आता तोंडाकडे काय बघतोयस माझ्या? वरची जाड प्लेट काढ, पातळ घे. ती नको, त्याहून पातळ.

दादा : तूच लाव. तूच मोज.

छोटी : गेली! अडकत गेली. थांब, सगळीकडून फिरवून बघते. इथं गेली, इथंही गेली. दादा, भोकातून हवा मार.

दादा : मारतो.

मावशी : बाई गं! केवढ्यानं वाजलं!

छोटी : असंच वाजायला पाहिजे, हवेनं क्लच आवळला गेला! मागच्या वेळी नुसतं पुटपुटला होता मेला!

(गिअरबॉक्स चढवून झाला आहे. मावशी व्हॅन चालवते आहे, भाऊ-बहीण मागच्या बाकावर. समोर शाळेचा चढ.)

मावशी : आला बरं का चढ. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढू का?

छोटी : पाय काढू नकोस. दाब.

दादा : हळू दाब.

छोटी : हळू नाही! पोरं बसलीयत असं समज आणि दाब, मावशी!

मावशी : दाबते! धरून बसा! अगं, तिसरा कधी पडणार?

छोटी : पडला!

मावशी : पडला? मला कळलंच नाही!

छोटी : कळलं नाही म्हणजेच बरोबर पडला! दादा, पडला रे!

मावशी : अगं बाई, तो बघा सायकलवाला! रोज मला मागं टाकून वर दात काढायचा. थांब बाबा, आज हॉर्नच देते तुला. पोंऽऽ! बघ म्हणावं मावशीची गाडी!

दादा : वर गेल्यावर थांबव. तेलाची काठी बघू दे.

छोटी : बघ. हुंग.

दादा : लालभडक आहे. वास नाही. कणभर जळका वास नाही, छोटे.

मावशी : मग गाडीत बसा. मी परत खाली जाऊन परत चढवणार आहे. माझी हौस फिटलेली नाही.

छोटी : दादा, सोमवारी शेठना काय सांगू?

दादा : सांग, भाऊ सोडत नाही म्हणून.

छोटी : नक्की?

दादा : नक्की. ऑटोमॅटिकचा ड्रम यापुढं तू भरायचास. मी जवळ आलो तर हाकल मला.

छोटी : आणि मी रंगवलेला बोर्ड? कुठं टाकलायस?

दादा : टाकला नाही. दाराआड आहे. धूळ बसली असेल.

छोटी : मग?

दादा : फडकं दे माझं. पुसतो.