फ्रीजरमधला बर्फ पुसला त्याची गोष्ट

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर शोभून दिसणारे मान्यवर, कार्यक्रमाचे संयोजक शरच्चंद्र काका, प्राध्यापक मंडळी आणि हिर्डोशीहून सकाळची एसटी धरून आलेल्या माझ्या आयाबहिणींनो,

संशोधनाबद्दल आज भोरमध्ये या अश्विनीचा सत्कार होतोय. शाल अंगावर आहे, नारळ हातात आहे. संशोधन तेवढं मोरीत गेलंय. हसू नका, खरंच मोरीत गेलंय.

निमंत्रणपत्रिकेवर माझा विषय 'जंतुनाशक संशोधन' असा छापलाय. वा! मी फिनेल विकत नाही, साहेब. रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जंतू भेटला की त्या आपली काही जनुकं चालू करतात, काही बंद करतात. जंतू गेला तरी काही जनुकं अर्धी उघडीच राहतात आणि पुढच्या खेपेला झटकन कामाला लागतात. आता भातलावणीच्या चिखलातून ताप येतो. एक बाई चार दिवसांत उठते, दुसरीची मूत्रपिंडं निकामी होतात. असं का? ते शोधायला मला प्रत्येकीचं रक्त दोनदा हवं होतं, लावणीआधी आणि लावणीनंतर.

हिर्डोशीच्या धोंडाबाईंनी सगळ्यांत आधी हात पुढे केला. दोन वर्षांपूर्वी त्यांची सून रत्ना याच तापानं गेली. "सून का गेली माजी, तेवढं सांग पोरी," म्हणाल्या. यंदा धोंडाबाईंनाही ताप आला, आणि त्या उठल्या. त्या का वाचल्या आणि रत्ना का नाही, याचा धागा ज्यात होता त्या त्यांच्या लावणीआधीच्या रक्तातल्या पेशी आपल्या कॉलेजच्या फ्रीजरमध्ये होत्या, उणे ऐंशी अंशांवर.

काल मी पुण्यात होते. आज आल्या आल्या काका कौतुकानं म्हणाले, "मॅडम, तुमच्या फ्रीजरमध्ये केवढा बर्फ साचला होता! बंद करून लख्ख पुसून घेतला. आता पाहुण्यांचं पाणी ठेवलंय."

"आणि नळ्या?"

"त्या होय? ओल्या झाल्या होत्या. टाकल्या."

काय ही स्वच्छता! नळ्यांवर नावं होती हो, काका. नाव वाचायला काय डॉक्टर व्हावं लागतं?

अध्यक्षांनी तर मघाशी तोडगाच काढला. "त्यात काय, पुन्हा घ्या रक्त!" अहो महाराज, ताप येऊन गेलेली पेशी आधीसारखी राहत नाही. हे मी आत्ताच सांगितलं, तेव्हा तुम्ही मोबाईलमध्ये होता. धोंडाबाईंचं लावणीआधीचं रक्त आता ब्रह्मदेव आला तरी मिळायचं नाही.

मी धोंडाबाईंना सांगितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मंग रत्नाचं आता कळायचं न्हाई व्हय?" मला अजून रडू येतंय आणि तुमची चीडही येतेय.

असो. वेळ दिलात, शाल दिलीत, आभारी आहे. माझी जीभ जास्त चालली असेल तर खुशाल रागवा, आणि जमलं तर पोटात घाला. माझी माफी मात्र मागू नका. धोंडाबाई तिसऱ्या रांगेत बसल्यात. या व्यासपीठाला चारच पायऱ्या आहेत. उतरा.