सुरक्षाप्रमुख

सोफियाहून सहलीला आलेली नेवेना डोंगरमाथ्यावर रोपवेच्या रांगेत उभी होती. नवऱ्याचा, लाझारचा, गुडघा पायी वर चढतानाच कामातून गेला होता, कान तर कधीचेच गेले होते. पुढे रोपवेचेच दोन कामगार बोलत होते.

"झिव्को, सुरक्षाप्रमुख झालास म्हणे! रकिया कधी पाजतोस?"

"कसली रकिया, क्रस्त्यो! सकाळी साहेबांना बेकरीतून चीज भरलेली गरम बानित्सा न्यायची, मग त्यांच्या सासूला दवाखान्यात. उरलेल्या वेळात सह्या."

"कशावर?"

"दोर तपासला म्हणून."

"आणि तपासतो कोण?"

"स्तोइल तपासायचा. त्याला बढती दिली, स्वागत अधिकारी केला. तो बघ, दारात तिकिटं फाडतोय."

"मग त्याच्या जागी?"

"जागाच काढून टाकली. प्रमुख आहे ना, म्हणाले."

"अरे, पण तुला दोरातलं काय कळतं?"

"मी बेकरीतला माणूस! परवा चौथ्या खांबापाशी खडखड झाली, तेव्हा स्तोइलनं नुसतं माझ्या तोंडाकडे पाहिलं."

"मग बंद कर की बाबा!"

"तो अधिकार विक्रीप्रमुखाचा."

डबा आला. रांग पुढे सरकली.

"चल, बसू."

"छे रे. मी रोज पायीच उतरतो."

दोघंही रांगेतून बाहेर पडले. नेवेनाच्या हातातला लाझारचा हात केव्हाच सुटला होता.

"लाझार! अहो, थांबा!"

"बाई, बसताय ना?" दार धरून स्तोइलनं विचारलं. तो खाली बघत होता.

"ये की गं," आतून लाझार खुशीत ओरडला, "खिडकीची जागा धरलीय तुला!"