पाहुणा आला, भट्टी विझली

गंधाली : काका, भट्टी थंड कशी?

श्यामसुंदर : हळू बोल. आपले बोल्ट घेणारा जर्मन पाहुणा वर ऑफिसात बसलाय. पहाटेच बंद करायला लावली मी.

गंधाली : अहो, तो अंधेरीला आपली भट्टीच बघायला आलाय!

श्यामसुंदर : म्हणूनच तर! प्रदूषणवाले साहेब येणार म्हटलं की भट्टी बंद, फरशी धुवायची, कुंड्या दारात. तुझ्या आजोबांपासूनची रीत आहे. साहेब खूष होऊन जातो.

गंधाली : हा धूर पकडायला नाही, मोजायला आलाय. आपले बोल्ट बनवताना कार्बन किती निघतो, त्यावर युरोपात कर लागणार.

श्यामसुंदर : मोजणार आणि वाढवून सांगणार! ही भट्टी आली कुठून, सांग?

गंधाली : जर्मनीहूनच. सेकंडहँड.

श्यामसुंदर : त्यांना धूर सोसेना, तेव्हा आपल्या गळ्यात मारली. आता तेच विचारतायत, धूर किती? वा रे पृथ्वीचे राखणदार!

गंधाली : मान्य. पण तेलाऐवजी तिच्यात पाइपचा गॅस कोणी आणला? तुम्हीच ना? धूर निम्म्यावर आला. तेच दाखवायचं होतं. मोजमाप नाही मिळालं, तर सगळ्यात घाणेरड्या कारखान्याचा आकडा आपल्याला चिकटवतात.

श्यामसुंदर : बघ, सापळाच!

गंधाली : त्यात आपणच जाऊन बसलो. दुपारी तो राजकोटच्या बोल्टवाल्याकडे निघतोय. ऑर्डर गेली, तर ही शेड बंद होईल, काका.

श्यामसुंदर : मग पेटव की आत्ता!

गंधाली : तापायला संध्याकाळ होईल.

श्यामसुंदर : तुला बरं सगळं ठाऊक. सकाळपासून त्याच्याशी इंग्रजीत काय गुलुगुलु चाललंय? तू नक्की कोणाकडून आहेस गं?

गंधाली : छान! संशय घ्यायला आता मीच राहिले होते. थांबा, तो खाली येतोय.

(पाहुणा शेडमध्ये फिरतो, भट्टीच्या दाराला हात लावून बघतो आणि गंधालीशी दोन वाक्यं बोलतो.)

श्यामसुंदर : काय म्हणतोय?

गंधाली : म्हणतोय, इतका स्वच्छ कारखाना आजवर पाहिला नाही.

श्यामसुंदर : बघ! मी काय म्हणत होतो?

गंधाली : पुढचं ऐका. विचारतोय, बोल्ट इथे खरंच बनतात, की चीनमधून आणून तुम्ही नुसता शिक्का मारता?

(श्यामसुंदर भट्टीच्या थंड दारावर हात ठेवतो.)

गंधाली : काका, काहीतरी सांगायला हवं.

श्यामसुंदर : त्याला म्हणावं, राजकोटला उद्या जा. आज थांब. धूर दाखवतो.