दिमासचा बोया

नाही नाही, तिथे नको ठेवूस, कोंबड्या चोची मारतात. इकडे आण, माझ्या पायाशी ठेव. हं. दिमासचाच बोया आहे, नाव वाचता येतंय अजून — नेलपॉलिश आहे ते, माझ्या बहिणीचं. एल्विता. दिमासची बायको. त्याच्या प्रत्येक बोयावर तीच नाव काढायची, दुसरा रंग खाऱ्या पाण्यात टिकत नाही म्हणायची. टिकला बघ. तू कीतोची ना, राजधानीची? बोलण्यावरून कळतं, तुम्ही डोंगरावरची माणसं शब्द चावून चावून बोलता. बस. केळ्याचे काप घे. मासे खात नसशीलच, ते तुझ्याकडे बघूनच कळतंय.

तर माफी मागायला आलीस. पाच महिन्यांनी का होईना, आलीस. आमच्या सान मातेओत माफी मागायला कधी कुणी येत नाही, सगळे माशाचा भाव विचारायला येतात. पण माफी मागायची तर आपण काय केलं ते नीट माहीत पाहिजे की नाही? मी सांगतो. माझी मोठी बोट, मागे बांधलेल्या तीन छोट्या होड्या. खोल पाण्यात गेलं की होड्या सोडायच्या, प्रत्येकीने आपला गळांचा दोर टाकायचा, दहा-बारा किलोमीटरचा, वर तरंगायला बोये. होडीत दोघं असतात, पण दिमासचा जोडीदार तापाने पडलेला, म्हणून तो एकटाच गेला. आणि त्याचं इंजिन बंद पडलं. तिथे नांगर तळाला पोचत नाही, मग काय करायचं? आपल्या दोराचं टोक होडीला बांधायचं आणि बसून राहायचं. मोठी बोट एकेक बोया बघत येते आणि टोकाला माणूस सापडतो. माझा बाप असाच सापडला होता, मीसुद्धा दोनदा. दोर म्हणजे रस्ता आहे आमचा, पोरी. तू दुसऱ्या टोकाला, तुमच्या बोटीवर उभी राहून तो रस्ता कापलास, आणि सुटी होडी कुठे वाहत जाते ते कुणालाच कळत नाही.

फिल्म बघितली मी तुमची. अकरा शार्क सोडवल्या, होय ना — आम्ही मुशी म्हणतो. ती हातोड्यासारख्या डोक्याची, तिच्या जबड्यातला गळ तू स्वतः काढलास आणि 'जा बाळा' म्हणालीस, आणि रडलीस. आम्ही सगळ्यांनी ते दोनदा बघितलं. एल्वितालाही मीच दाखवलं. म्हटलं, बघ, हिने तुझा नवरा मारला, तोंड लक्षात ठेव. तिने ठेवलंय. आता कशाला रडतेस, तेव्हा रडून घेतलंस की.

त्याने मला कधी कळवलं म्हणतेस? सकाळी नऊला. इंजिन गेलंय, दोर बांधून बसलोय, ये म्हणाला. हो, तुम्ही दुपारी चारला दोर कापला, माहीत आहे मला. मग? तुला काय म्हणायचंय, मी सात तास झोपा काढत होतो? बाकीच्या दोन होड्यांचे दोर उचलायचे होते, मासा नुसता लगडला होता, तलवारमासे, मुश्या, जास्त वेळ राहिला की खराब होतो. दिमास कुठे पळून जाणार होता? त्याच्याकडे दोन दिवसांचं पाणी होतं. आणि नंतर शोधलंच की आम्ही — पाच दिवस. तीन. बरं, दीड दिवस, डिझेल संपत आलं होतं. नौदलालाही कळवलं. फक्त आम्ही राखीव पाण्यात होतो, तिथे मासेमारीला बंदी, ते कसं सांगणार, म्हणून जागा जरा हद्दीबाहेरची सांगितली. जराशीच.

मला नियम शिकवू नकोस. तुमचे नियम मला पाठ आहेत. कापण्याआधी रेडिओवर तीनदा विचारायचं. विचारलंस की तू — 'या दोरावर कुणी माणूस आहे का, असेल तर बोला, कृपा करून बोला' — तिसऱ्यांदा तर आवाज कापत होता तुझा, आमचा आचारी हसला, म्हणाला ही लग्नाचं विचारतेय की काय —

अशी काय बघतेस?

ऐकलं. हो, ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. एक बटण दाबून 'आहे' म्हणायचं, एवढंच होतं. आणि मग तुम्ही आला असतात, मागोमाग नौदल, खाली मुशीचे पर भरलेले, बोट जप्त, सात जण तुरुंगात. आणि त्याने दिलं की उत्तर. त्याचा हातातला रेडिओ, त्याचा आवाज तुमच्यापर्यंत पोचत नव्हता. मी मध्ये होतो, मला येत होता. 'आहे, मी आहे' म्हणत होता. चार-पाच वेळा म्हणाला. मग मी आवाज बंद केला.

उठलीस? जा की, सांग एल्विताला. शेजारचंच घर, निळं दार. 'तुझा भाऊ सगळं ऐकत होता' म्हणून सांग तिला. पण जाण्याआधी एवढं समजून घे. तो गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडलेली नाही. दोन्ही वेळचं ताट माझ्या घरून जातं, मी समोर बसतो तेव्हा चार घास खाते, दुसऱ्या कुणाच्या हातचं नाही. हे कळल्यावर ती त्या ताटाला शिवेल? माझी सख्खी बहीण आहे, मी ओळखतो तिला, उपाशी मरेल. तुझ्या हातचं खाणार आहे का ती? पाच महिने ती तुझं तोंड डोळ्यांसमोर ठेवून, तुला शिव्या देत जगतेय. तेवढंच उरलंय तिच्याकडे. ते काढून घ्यायला आलीस का तू?

नाही ना? मग डोळे पूस. तिच्याकडे जा, 'दोर मीच कापला' म्हण, आणि पुढे एक अक्षर बोलू नकोस. ती थुंकेल तुझ्यावर, थुंकू दे. बोया इथेच राहू दे, तिला दाखवायचा नाही. आणि जाताना फाटक ओढून घे, कोंबड्या बाहेर पळतात.