दोन मजल्यांवर थांबलेलं काम

सन्माननीय अध्यक्ष नंदकिशोरजी, व्यासपीठावरील वकील मंडळी, ज्यांच्यासाठी आपण वाशीच्या या सभागृहात जमलो त्या अरुणाताई खोत, आणि बंधुभगिनींनो,

ताई वकिली थांबवून उद्या रत्नागिरीला चालल्या. त्यांच्या कायद्याच्या ज्ञानाबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी साधा बांधकाम कंत्राटदार. मी काय बोलणार? मी त्यांचा आरोपी होतो, एवढंच सांगू शकतो. हसू नका, खरंच आहे.

जयप्रकाश आणि मी एकाच गावचे, परभणीकडचे. मुंबईला बरोबरच आलो, चेंबूरला एका खोलीत राहिलो. एकोणऐंशी साली इथं वाशीत त्याच्या ऑफिसातल्या लोकांनी सोसायटी काढली. तो सेक्रेटरी झाला आणि इमारतीचं काम त्याने मला दिलं. दोन मजले चढले आणि सिमेंट मिळेना. तेव्हा सिमेंट परमिटवर होतं, आपल्यातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. काम महिनोन् महिने ठप्प. सभासद त्याच्या दारात बसू लागले, "तुझ्या दोस्ताने आपल्याला बुडवलं" म्हणू लागले. शेवटी त्याने पोलिसांत तक्रार दिली. फसवणूक, कलम चारशेवीस.

मला साइटवरून नेलं. मी फौजदारांना म्हणालो, "साहेब, काम अडलंय, मी पळालो नाही."

ते म्हणाले, "उचल घेतली, काम बंद. अजून काय पाहिजे?"

जामिनावर सुटून आलो तर गल्लीत कुणी मान वर करून बघेना. शाळेत पोरीला 'चारशेवीस' म्हणून चिडवत. सुंदराबाई, म्हणजे माझी बायको, पोरीला घेऊन माहेरी गेली. ती पुन्हा इकडे राहायला आलीच नाही. पोरीचं लग्नही तिकडेच झालं. त्या दिवसांत माझ्या घराची पायरी चढल्या त्या फक्त या अरुणाताई. खुर्चीवरची थापी-ओळंबा बाजूला सारून बसल्या आणि म्हणाल्या, "मारोतराव, पहिल्या दिवसापासून सांगा."

ठाण्याच्या कोर्टात त्यांनी जयप्रकाशला विचारलं, "करार केला त्या दिवशी हा माणूस फसवणार, असं वाटलं होतं?"

"छे! वाटलं असतं तर सही केली असती का?"

"त्याने काम सुरू केलं?"

"दोन मजले चढवले."

"मग थांबलं कशामुळे?"

जयप्रकाश म्हणाला, "सिमेंट मिळेना."

ताईंनी आणखी एकही प्रश्न विचारला नाही. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी निकालात सांगितलं, की शब्द देतानाच मनात खोट असेल तर ती फसवणूक. नंतर शब्द पाळता आला नाही, तर तो करारभंग, त्यासाठी दिवाणी कोर्ट आहे. मी सुटलो.

बाहेर व्हरांड्यात जयप्रकाश एकटाच उभा होता. मी म्हणालो, "चल, चहा घेऊ."

तो म्हणाला, "मारोती, मी तुला पोलिसांत दिलं रे. आता तुझ्यासमोर बसून चहा कसा पिऊ?"

आणि जिना उतरून गेला. मी ताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "खटला संपला, मारोतराव. बाकीचं कोर्टाच्या हातात नसतं."

मंडळी, ती इमारत पुढे तडजोड होऊन मीच पुरी केली. गृहप्रवेशाचं बोलावणं आलं नाही. जयप्रकाशने तिथली जागा विकली आणि नाशिक गाठलं. त्याचा पत्ता माझ्याकडे नाही. अजूनही एखादी गंमत घडली, की ती त्यालाच सांगावी असं पहिल्यांदा मनात येतं. यावर कुठल्या कोर्टात दाद मागायची, ताई?

असो. समारंभात असलं बोलू नये, कळतं मला. संयोजकांनी माझ्यासारख्याला इथं उभं केलं, याबद्दल त्यांचे आभार. बोलण्याची सवय नाही. कुठं चुकलो असेन, कुणाला लागलं असेल, तर सगळ्यांनी मोठ्या मनाने सोडून द्या. आणि ताई, कधी इकडे येणं झालं, तर हॉटेलात उतरू नका. माझ्याकडे दोन खोल्या आहेत. एक मोकळीच असते.