पंचायतीचा उतार

टोकावड्याच्या एसटी थांब्यावर धाऊ एकटाच बसला होता. शेजारच्या बाकावर दोघी बोलत होत्या.

"सकुबाई, पंचायतीच्या दाराशी नवा उतार बांधलेला, तो तोडला कशाला गो?"

"सरपंचबाईंनीच तोडायला लावला. लय खडा होता."

"तिला काय कळतंय?"

"माझ्या कुणालीच्या चाकाच्या खुर्चीत स्वतः बसली ना! म्हणाली, चढवा मला. अर्ध्यातनं घसरली ती थेट गटारात!"

"अगो बाय! मग?"

"चिखलातनं उठली नि म्हणाली, लांबून सुरू करा, चढ कमी ठेवा. आता कुणाली एकटी ग्रामसभेला जाते. काल पाण्यावरनं सरपंचबाईंशीच भांडली."

"भांडली? नि ती?"

"हसली."

धाऊने विचारलं, "बाय, दवाखान्याला पण करणार का तसा?"

"करणार म्हणतात. का बाबा, घरात कोन हाय?"

"बायको होती. पाठीवर घेऊन पायऱ्या चढायचो. तिला लाज वाटायची."